पूर्वेच्या गाळ्यावर भात, पश्चिमेच्या गाळ्यावर कुरडया

॥ श्री ॥

मुक्काम आकुर्डी,
ज्येष्ठ वद्य द्वितीया, शके १८७९

राजमान्य राजश्री यशवंतराव यांस अर्जुनचा हात जोडून रामराम. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे घर आहे, विहीर आहे, आई आहे, दोन्ही बैल आहेत आणि रस्त्याकडेची काँक्रीटची इमारत आहे. तुमच्याकडचे क्षेम कळवावे. सासूबाईंचा गुडघा थंडीत दुखायचा तो आता उन्हाळ्यातही दुखतो असे कामशेतच्या बाजाराला गेलेल्या माणसाकडून कळले. एरंडाचे पान गरम करून बांधावे. शिंगे वळलेली म्हैस व्याली काय, आणि रेडा झाला की पारडी, हेही कळवावे. नाणे मावळात पेरण्यांची तयारी चालू असेल, तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसेल, हे मी जाणतो. तरी हे पत्र एकदा सावकाश वाचावे आणि वाचताना आवाज जरा मोठा ठेवावा. माजघरात कुणी बसले असेल आणि त्याच्या कानावर दोन शब्द गेले, तर माझी हरकत नाही.

तुमची बहीण, म्हणजे आमची मंडळी, तुमच्याकडे निघून आली त्याला आज बरोबर महिना झाला. तिच्या प्रकृतीची चौकशी मी करीत नाही, कारण जाताना तिनेही माझी केली नव्हती. काय घडले ते तिने तुम्हाला सांगितलेच असेल, आणि ती खोटे बोलत नाही हेही मला ठाऊक आहे (अकरा वर्षांच्या संसारात माझी हीच मोठी अडचण झाली आहे). पण कोणत्याही गोष्टीला दोन बाजू असतात. आमच्या गोष्टीला तर दोन गाळे आहेत. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून आमच्या बाजूला रोज कुणी ना कुणी मोटारीतून उतरून जमीन न्याहाळून जातो हे तुम्ही मागे आलात तेव्हा पाहिलेच आहे. गेल्या दिवाळीत असेच एक साहेब उतरले. मुंबईच्या कुठल्याशा विजेच्या मोटारी करणाऱ्या कंपनीचे इंजिनीयर. त्यांना मुंबई-पुणे रस्त्याला लागून माल ठेवायला गोडाऊन पाहिजे होते. आमची रस्त्याकडेची पट्टी त्यांना पसंत पडली. मी लगेच म्हणालो, पत्र्याचे शेड महिन्याभरात उभे करून देतो. साहेब म्हणाले, पत्र्याचे नको. त्यांचा माल म्हणजे कागदात गुंडाळलेली तांब्याची तार. तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी भेंडोळे वाया. काँक्रीटचे दोन गाळे बांधा, वरून एक थेंब गळणार नाही अशी खात्री पटली तर घेऊ, नाहीतर रामराम. बोलणे सरळ होते. मी होय म्हणालो. काँक्रीट म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हते, पण होय म्हणायला ते माहीत असावे लागत नाही.

पुढे मात्र मी काँक्रीटच्या मागे असा लागलो की आमच्या आळीत मला सिमेंटराव म्हणू लागले. सिमेंटच्या परमिटसाठी पुण्याला किती खेपा घातल्या ते विचारू नका. त्या कचेरीतल्या बाकावर माझ्या धोतराचा ठसा उमटला असेल. पण त्या बाकावर बसून बसून मी काँक्रीटचे गुण पाठ केले. ते जळत नाही. त्याला वाळवी लागत नाही. त्यात घूस बीळ करू शकत नाही. वाऱ्याने उडत नाही, कौलासारखे दरसाल चाळावे लागत नाही, वर माकडे नाचली तरी त्याला पत्ता लागत नाही. खांबाला खांब दूर ठेवता येतो, त्यामुळे आत मालमोटार सरळ उभी करता येते. हे गुण मी इतक्या जणांना सांगितले की लोक मला लांबून बघून रस्ता बदलू लागले. तुमची बहीण मात्र रोज ऐकत असे, भाकऱ्या थापता थापता. एकदा तिने विचारले, "आन् त्येला काय लागतं?" मी म्हणालो, काही लागत नाही. एकदा ओतले की जन्माची चिंता मिटली. ती म्हणाली, "असं कायच नसतं ज्येला काय लागत न्हाई." हे वाक्य मी त्या वेळी भाकरीबरोबर गिळले.

मिस्त्री मिळाला तो कोल्हापूरकडचा, ज्योतीराम नावाचा. मोठ्या कारखान्यांच्या कामावर हात बसलेला, बोलायला कमी, तंबाखूला जास्त. अक्षय्य तृतीयेला पूर्वेच्या गाळ्याची स्लॅब पडली आणि तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या. काय तो सोहळा सांगू! चाळीस माणसे, घमेली हातोहात वर चालली आहेत, खाली खडी-वाळू-सिमेंटचा काला, वर ज्योतीराम सळयांमध्ये उभा राहून ओरडतो आहे, आणि मी नवीन फेटा बांधून कुणाच्याही उपयोगी न पडता सगळीकडे फिरतो आहे. संध्याकाळी सगळ्यांना पुरणपोळी घातली. जाताना ज्योतीराम मला म्हणाला, "मालक, आता ह्येला पानी पाजायचं. वर मातीचं वाफं करून पानी तुंबवून ठिवायचं. एकवीस दिस. वाळू द्यायचं न्हाई." आणि तो चिखलीच्या दुसऱ्या कामावर निघून गेला.

यशवंतराव, आता खरे सांगतो, मला ते पटले नाही. तुम्ही मावळातले, तुमचे सगळे आयुष्य पाण्यात. आम्ही कोरडवाहू माणसे. आमचा अनुभव असा की ओले ते कच्चे आणि वाळले ते पक्के. वीट वाळली की पक्की, मडके वाळले की पक्के, कडबा वाळला की गंजी लागते, शेणी वाळली की जळते. मग एवढ्या खटपटीने पैदा करून आणलेले सिमेंट ओले ठेवायचे ते कशासाठी? मला वाटले मिस्त्री परप्रांतातला, त्यांच्याकडे पंचगंगेचे पाणी फुकट, त्याला काय जाते सांगायला. पण तुमच्या बहिणीचे डोळे चमकले. ती शिडीने वर गेली, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंनी बघितले आणि म्हणाली, "हे तर आमच्याकडचं खाचरच हाय की!" आमचा वाद झाला. शेवटी तोडगा निघाला की पूर्वेचा गाळा तिने तिच्या रीतीने सांभाळायचा आणि पश्चिमेचा मी माझ्या. घरात दोन मते असली की असे वाटे पाडावे लागतात.

माझ्या गाळ्याची निगा मी फार मनापासून राखली. सकाळ-संध्याकाळ खराट्याने झाडला. तुळशीला घालतात तेवढे पाणी झारीने शिंपडले (मिस्त्रीचाही मान राहावा म्हणून). लगेच वाळून जायचे, आणि स्लॅब कशी पांढरी खडखडीत दिसायची! मी गावातल्या चार जाणत्यांना वर नेऊन बसवले, पाने खाऊ घातली. आमच्या आईची, म्हणजे दुर्गाबाईंची, नजर त्या स्लॅबवर पडली ती तिथेच खिळली. वैशाखाचे दिवस, घरोघर वाळवणे चाललेली, आणि आख्ख्या आकुर्डीत एवढी सपाट, गरम आणि कोरडी जागा दुसरी नाही. दुसऱ्या दिवशी वर आमच्या कुरडया पडल्या. तिसऱ्या दिवशी आळीतल्या सात घरांचे पापड, सांडगे, शेवया आणि ज्वारीच्या बिबड्या. बायका राखण करायला छत्री घेऊन वर बसत. मला अभिमान वाटला. इमारत अजून उघडली नाही तोवर गावाच्या उपयोगी पडू लागली, हा काँक्रीटचा आणखी एक गुण मी यादीत घातला.

पूर्वेच्या बाजूला मी बघतही नव्हतो. खरे म्हणजे मुद्दाम बघत नव्हतो. तुमच्या बहिणीने विहिरीपलीकडची काळी माती पाट्या पाट्यांनी वर वाहिली, हातभर रुंदीचे बांध घातले, चार बोटे चिखल केला आणि पाणी भरले. ज्योतीराम मधे एकदा येऊन गेला तर त्या बांधांकडे बघून म्हणाला की असे वाफे त्याच्या गवंड्यांनाही जमत नाहीत. मी खोकलो. पण तिने ज्योतीरामला नुसते बांध दाखवले, त्यात काय टाकले आहे ते दाखवले नाही. चैत्रात तुमच्याकडून येताना तिने ट्रंकेतून आंबेमोहोराचे बी आणले होते, ते यशवंतराव, तिने स्लॅबवर पेरले. मला कळले तेव्हा रोप चांगले वीतभर झाले होते, आणि मला कळले ते साहेबांच्याबरोबर.

तो दिवस वैशाख वद्य द्वितीयेचा. न कळवता साहेबांची मोटार दारात उभी राहिली. बरोबर मुंबईहून आलेले कंपनीचे आणखी एक मोठे साहेब, बूट असे की त्यांत तोंड दिसावे. "स्लॅब बघू," म्हणाले. मी फेटा बांधीत बांधीत शिडी चढलो. वर जाऊन बघतो तर डाव्या हाताला हिरवेगार भाताचे रोप वाऱ्यावर डुलते आहे, त्यात साडीचा काचा मारून, घोटाभर चिखलात वाकून तुमची बहीण गवत काढते आहे, आणि उजव्या हाताला कुरडया. मधल्या भिंतीवर दोन्ही साहेब उभे. त्यांना पाय कुठे ठेवावा हे कळेना. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे वळून विचारले, "या बाई कोण?"

आता जे लिहितो ते एका दमात वाचून टाकावे, मधे थांबू नये. मी म्हणालो, "ती होय, ती गडीमाणूस आहे. मावळातली. तिला काय समजतंय."

लिहिले. आता हात हलका झाला.

का म्हणालो? मला वाटले कंपनी हातची जाते. ते मुंबईचे साहेब, त्यांच्या घरच्या बायका खुर्चीवर बसत असतील, आणि इथे माझी बायको इमारतीच्या माथ्यावर भात खुरपते आहे हे मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच. याहून चांगले कारण महिनाभर शोधतो आहे, सापडले नाही. कुरडयांचे कोण हे त्यांनी विचारले नाही, नाहीतर मी आईलाही काय म्हणालो असतो देव जाणे. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतले, पंधरा दिवसांनी पाणी भरून परीक्षा घेऊ म्हणाले आणि गेले. तुमची बहीण वाकली होती ती उभी राहिली. खाली उतरून विहिरीवर पाय धुतले, चांगले घासून, बोटांच्या फटीतला चिखल काढून. मग घरात जाऊन पिशवी भरली. मी दारात उभा राहून म्हणालो, जायचे तर जा, न्यायला मी येणार नाही. (हेही मीच म्हणालो. त्या दिवशी माझी जीभ कुणी उसनी नेली असती तर उपकार झाले असते.) तिने उंबऱ्यावरून एवढेच सांगितले, "सात दिस राहिलं हायती. पानी आटू देऊ नका."

ती गेल्यावर आई चुलीपुढून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "सून माझी, आन् तुज्या तोंडात गडीमाणूस? उद्या पाव्हण्याम्होरं मला बी धुणंवाली म्हनशील." त्यानंतर चार दिवस तिने माझ्या ताटात भाकरी वाढली पण माझ्याशी बोलली नाही. वर पाणी घालायचे माझ्याकडे आले. यशवंतराव, तुम्ही कावड खांद्यावर घेऊन कधी शिडी चढला आहात काय? विहिरीपासून शिडीपर्यंत दोनशे पावले आणि शिडीला बावीस पायऱ्या, आणि एवढे पाणी वर नेऊन ओतावे तर वैशाखाचे ऊन ते बघता बघता पिऊन टाकते. तीन दिवसांत खांद्याला फोड आला. चौथ्या दिवशी पाय घसरून मी कावडीसकट भाताच्या वाफ्यात बसलो, आणि रस्त्यावरून पुण्याची मोटार चालली होती ती नेमकी तेव्हाच थांबली. आतली माणसे खिडकीतून हात करीत होती. मीही केला. दुसरे काय करणार? तेव्हा माझ्या मनात आले की चौदा दिवस हीच कावड तिने वाहिली, रोज, स्वयंपाक आणि धारा सांभाळून, आणि मी पलीकडच्या गाळ्यावर झारी घेऊन उभा होतो. पण माझ्या गाळ्याला पाणी घालावे असे मात्र तेव्हाही मनात आले नाही. अभिमान लवकर वाळतो, पण वाळला की फार पक्का होतो.

एकवीस दिवस झाल्यावर रोप उपटून विहिरीखालच्या ओलाव्यात लावले, चिखल खरवडून स्लॅब धुतली. आता परीक्षा. साहेब आले, दोन्ही गाळ्यांवर चारी बाजूंनी विटांची कड बांधून वीतभर पाणी भरले आणि तीन दिवस तसेच ठेवले. आईने दोन्ही गाळ्यांत जमिनीवर कोरडी राख पसरली. थेंब पडला की राखेत खळगा दिसतो, ही तिची युक्ती (तिला काय समजतंय असे मी आता कुणाबद्दलही म्हणत नाही). तिसऱ्या दिवशी कुलूप काढले. पूर्वेच्या गाळ्यात राख जशी पसरली तशी. पश्चिमेच्या गाळ्यात आईने रांगोळी काढली होती काय असे वाटावे इतके ठिपके. वर बघितले तर स्लॅबला केसासारख्या भेगा, एकीतून दुसरी फुटलेली. मी म्हणालो, साहेब, सिमेंट खोटे असेल.

साहेब हसले. सिमेंट एकच, खडी एकच, मिस्त्री एकच, म्हणाले, फरक निगेचा. मग मला खाली ओट्यावर बसवून त्यांनी जे सांगितले ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो, कारण आज ना उद्या तुम्हालाही कामशेतच्या रस्त्याला काहीतरी बांधावेसे वाटेलच. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. त्यातले सिमेंट पाणी पीत पीत घट्ट होते, आणि पहिल्या दिवसांत पाणी मिळाले नाही तर वरून खडखडीत दिसते पण आत उपाशी राहते, आणि मग जन्मभर तक्रार करते. पाणी दिले तर मात्र वर्षानुवर्षे बळकट होत जाते. पुढेही त्याला माणूस लागतोच. गच्चीवरच्या पन्हळी पावसाआधी साफ कराव्यात, नाहीतर पाणी साचते. केसाएवढी भेग दिसली तर तेव्हाच सिमेंटच्या पाण्याने भरावी, कारण तीतून पाणी आत शिरले की सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते. सांध्यात पिंपळाचे रोप दिसले तर हात जोडून पण उपटून काढावे. मालमोटार मागे घेताना खांबाला धक्का लागू नये म्हणून कोपऱ्यावर लोखंडी पट्टी बसवावी. मी मान डोलवीत होतो आणि माझ्या कानात भाकऱ्या थापण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात ज्योतीराम बोलला. परीक्षेसाठी त्यालाही बोलावले होते, तो तंबाखू मळत बाजूला बसला होता. म्हणाला, "सायेब, भात पेरला तो उगं न्हाई. वहिनी मला म्हनल्या हुत्या, नुसतं पानी भरलं तर एक दिस इसरतंय मानूस. रोप असलं की इसरत न्हाई. डोळ्याम्होरं सुकायला लागतंय नव्हं." (रोपाचे तिने त्यालाही नंतर सांगितले होते. फक्त मलाच सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.) साहेबांनी वही मिटली. एवढी वर्षे ठेकेदारांना पाणी घाला, पाणी घाला म्हणून ओरडून घसा बसला, म्हणाले, असे डोके कुणाचे चालले नाही. कोण त्या बाई? त्या दिवशी तुम्ही गडीमाणूस म्हणालात त्याच ना?

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, साहेब, त्या दिवशी मी खोटे बोललो. गडीमाणूस नव्हे. माझी मंडळी आहे. इमारतीचा अर्धा भाग गळतो तो माझा आणि गळत नाही तो तिचा. ज्योतीरामने तंबाखू तोंडात टाकायची थांबवली. आतून आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती दाराआड उभी होती. मला वाटले होते की हे बोलून लाज वाटेल, पण लाज आधीच इतकी वाटून झाली होती की उरलीच नव्हती.

असो. पश्चिमेच्या गाळ्यावर आता विटांच्या तुकड्यांचा आणि चुना-सिमेंटचा जाड कोबा घालायचे ठरले, आणि त्यालाही पाणी पाजायचे. कुरडया मनाई. आळीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे, पण ते एक सुखच आहे. काँक्रीटबद्दल तुम्हाला सविस्तर कळवावे एवढ्याचसाठी हे पत्र लिहिले. दुसरे काही विशेष नाही. सासूबाईंना दंडवत, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, पण तो झारीने नव्हे, घागरीने असावा.

तुमचा
अर्जुन

ता. क. एक लिहायचे राहिले. साहेबांनी जाताना एक अट घातली आहे. पूर्वेचा गाळा ज्यांनी सांभाळला त्यांनीच पश्चिमेच्या कोब्याचीही निगा ठेवावी, तरच कंपनी दोन्ही गाळे घेणार. आता कंपनीची अट म्हटल्यावर माझा इलाज नाही. तेव्हा तुमच्या बहिणीला, केवळ कामाची गरज म्हणून, चार-आठ दिवसांसाठी पाठवून द्यावे. माझा आग्रह नाही. कंपनीचा आहे.

ता. क. पुन्हा. वरची ता. क. खोटी आहे, आणि कोबा अजून घालायचा आहे असे भासवले तेही. साहेबांनी अशी काही अट घातलेली नाही. कोबा घालून झाला, दहा दिवस मी आणि आईने मिळून पाणी घातले, परवा वटपौर्णिमेला पुन्हा परीक्षा झाली आणि एकही थेंब पडला नाही. कंपनीने दोन्ही गाळे घेतले, तारेची भेंडोळी आतसुद्धा गेली. इमारतीला आता तिची काही गरज नाही. गरज घराला आहे, आणि घरात मी राहतो. परवा आळीतल्या सगळ्या बायका वडाला फेऱ्या मारायला गेल्या. आई मला म्हणाली, तुज्यासाठी कोन फिरत आसंल आज? मी बाहेर जाऊन बैलांना पाणी पाजले. ती फिरली का, हे तुम्हाला ठाऊक असेल. कळवू नका. नाही फिरली असे कळले तर मला ते बरोबरच वाटेल, आणि तेच जास्त लागेल.

ता. क. तिसरी, आणि ही पेन्सिलीने लिहिली आहे, कारण दौत घरी राहिली. यशवंतराव, हे पत्र टपालात घातलेले नाही. टपालाला चार दिवस लागतात. सकाळच्या पॅसेंजरने मी कामशेतला उतरलो, तुमच्या गावचा भिमाजी गाडी घेऊन आला होता, त्याने मला आणले. आत्ता मी तुमच्या गावच्या देवळात बसलो आहे आणि पत्र भिमाजीच्या हाती देतो आहे. न्यायला येणार नाही असे म्हणून बसलेला जावई बोलावल्याशिवाय तुमच्या दारात कसा येणार, हे तुम्ही जाणताच. कुणीतरी बोलवायला आले तर येईन. नाही आले तर इथेच बसेन. पुजारी चांगला माणूस आहे, पाणी दिले. तिने यावे असे मी म्हणत नाही. तिला फक्त एवढे वाचून दाखवा: इंद्रायणी, मी न्यायला आलो आहे. नाव मुद्दाम लिहिले आहे. अकरा वर्षांत ते कधी तोंडाने घेतले नाही. "या बाई कोण?" असे साहेबांनी विचारले तेव्हा मला एवढेच सांगायचे होते.